ट्रॉलीचे चाक : रंग कुठे द्यावा, कुठे देऊ नये



खंडेनवमी जवळ आली की आपल्या भागात ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन, रंगवून, झेंडूचा हार घालून पूजेला उभी राहते. रिम पिवळी किंवा लाल, नट चंदेरी, मागच्या फळीवर कुलदैवताचे नाव. त्यात वावगे काही नाही. वर्षभर ज्याच्या जिवावर आपले चालते त्या अवजाराला एक दिवस मान द्यायचाच. पण गेले काही हंगाम यार्डात उभे राहून आम्ही जी चाके पाहिली त्यावरून या रंगाविषयी थोडे लिहावेसे वाटले. ऊस विकास विभागाने बेणे, लागण, खत एवढेच सांगावे, चाकाशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते आणि साखरही उतरते. भरलेली ट्रॉली वाटेत बसली की हे चोवीस तास कुठे जातात ते ज्याची बसली त्याला विचारा. उसाच्या पानावरचा तांबेरा दिसला की आपण धावतपळत आमच्याकडे येता. लोखंडावरचा तांबेरा मात्र रंगाखाली झाकून टाकता.

एका हंगामातली गोष्ट. एका सभासदाची जोड-ट्रॉली नंबरात उभी होती. रंग नुकताच दिलेला, उन्हात डोळे दिपावेत असा. काट्याकडे वळताना मागचे डावे चाक डुलताना आमच्या चिटबॉयला दिसले. गाडी थांबवून पाहिले तर दोन नट गायब आणि उरलेले हाताने फिरत होते. चकतीची भोके लांबट झालेली. मालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आठ दिवसांपूर्वी मी स्वतः कसलेत. पान्याला पाइप लावून कसलेत." तो खोटे बोलत नव्हता. नट त्याने कसलेच होते, पण ते लोखंडावर कसले गेले नव्हते. ते रंगावर कसले गेले होते.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चाकाचा बोल्ट कसला की तो किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट चकतीला हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळेच चाक जागेवर राहते. भार बोल्टच्या दांड्यावर टांगलेला नसतो, चकती आणि हब यांच्या घट्ट घर्षणावर असतो. आता हा ताण म्हणजे लांबीत किती फरक? चाकाच्या आखूड बोल्टमध्ये तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. आणि ब्रशने दिलेला रंगाचा एक हात वाळल्यावर साधारण ३० ते ४० मायक्रॉन जाड होतो. एक हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. दर खंडेनवमीला दोन हात, चकतीच्या आतून, बाहेरून आणि हबच्या तोंडावरही, असे चार-पाच वर्षे चालले की बोल्टच्या ताणापेक्षा कितीतरी जाड थर मध्ये साचतो. भर उन्हात, भरल्या गाडीत, ब्रेकच्या उष्णतेत हा थर मऊ पडतो, चेपतो, कडेने निघून जातो. तो चेपला की बोल्टचा ताण संपला. नट मग आपोआप सुटू लागतो. पान्याला पाइप लावल्याने यात काही फरक पडत नाही, उलट बोल्टचे आटे जातात.

म्हणून पहिली गोष्ट : नट जिथे बसतो तो भोकाभोवतीचा उतार, आणि चकती जिथे हबला टेकते ते तोंड, या दोन जागा रंगाशिवाय ठेवायच्या. कारखान्यात नव्या चाकाला जो पातळ, भट्टीत भाजलेला प्रायमर देतात तेवढा चालतो. त्यावर आपला रंग नको. पूर्वीचा साचलेला थर असेल तर चाक उतरवून तारेच्या ब्रशने खरवडून काढा. उघड्या लोखंडावर गंज येईल अशी भीती वाटते, ती खरी आहे, पण दोन लोखंडे एकमेकांना घट्ट भिडलेली असली की तिथे पाणी शिरायला फारशी वाट नसते. आम्हीसुद्धा पूर्वी शेतकरी मेळाव्यांत "रंगाचा एक हात जास्तच द्या" म्हणून सांगत होतो. कुठे द्या आणि कुठे नको ते सांगत नव्हतो, ही आमची चूक.

आता गंजाकडे येऊ, कारण रंग आपण द्यायचा तो त्याच्यासाठी.

आपले वडील-आजोबा बाभळीच्या लाकडाची चाके वापरत. तुंबा, आरे, पाटे आणि वरून लोखंडी धाव. शेणकुटाच्या जाळात धाव लाल करून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे काम ज्यांनी पाहिले त्यांना चाकाचा जीव कशात असतो ते सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली की तेच चाक नदीत बुडवून ठेवत. त्या चाकाला पाणी औषध होते. आजच्या पत्र्याच्या रिमला तेच पाणी रोग आहे.

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, हे शाळेतले पोरही सांगेल. पण नुसत्या पावसाच्या पाण्याने रिम दोन-तीन हंगामांत खाल्ली जात नाही. त्यात मीठ पडले की मात्र खाल्ली जाते. आपल्याकडे मीठ कुठून आले? पैठणचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि जायकवाडीच्या कालव्यांनी गोदाकाठी बारमाही पाणी आणले. उसाचे रान वाढले ते त्यामुळेच. पण जिथे पाणी जास्त दिले आणि निचरा राखला नाही, तिथल्या काळ्या जमिनी खारवट-चोपण झाल्या. त्या चिखलात क्षार असतात. आपली काळी माती चिकट. ती रिमच्या आतल्या कोपऱ्यात थापली जाते आणि वरून वाळलेली दिसली तरी आतून ओल धरून राहते. ओल आणि क्षार असा तो लेप महिनोन् महिने तसाच. बाहेरच्या बाजूला रंग चकाकतो आहे आणि आतून रिम पोखरते आहे, असे चित्र आम्ही अनेकदा पाहिले.

त्याहून जहाल म्हणजे खत. तीच ट्रॉली उन्हाळ्यात पोटॅश आणि अमोनियम सल्फेटच्या गोण्या आणते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड, स्वयंपाकातल्या मिठाचा सख्खा भाऊ. फुटलेल्या गोणीतले खत फळीच्या फटीतून खाली चाकावर सांडते, दवाने विरघळते आणि पत्रा खाते. प्रेसमड किंवा डिस्टिलरीचे सांडपाणी वाहिले तर त्यात आम्लाची भर पडते. अशा खेपेनंतर त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने चाके आतून-बाहेरून धुतली तर निम्मे काम होते. त्याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून कोणी करत नाही. धुतल्यावर ट्रॉली गवतात किंवा चिखलात न लावता मुरमावर लावावी.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरतात. ट्यूब चांगली असेल तोवर ते पाणी रिमला लागत नाही. पण व्हॉल्व्हपाशी झिरपू लागले की भोकाभोवतीची रिम सर्वांत आधी कुजते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आणि तिथले शेतकरी रिमा सडल्याची तक्रार करत असतात. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, तेव्हा असले काही कोणी सुचवले तरी घालू नका. खारट बोअरचे पाणीही भरू नका.

चाक विकत घेताना काय पाहावे? बरेच सभासद ट्रॉलीसाठी जुन्या बाजारातून ट्रकच्या रिमा आणतात. त्याला आमचा विरोध नाही, नव्याच घ्या म्हणणे सोपे असते. पण जुनी रिम रंगवलेली मिळाली तर घेऊ नका. उघडी, गंजलेली घ्या, म्हणजे काय आहे ते दिसते. रंग खरवडू देत नसेल तर त्या दुकानदाराला रामराम करावा. गंजाचे पोपडे आलेला पत्रा जाड वाटतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो. पोपडे झाडून मगच जाडी बघा. टायरची कड जिथे बसते त्या पट्ट्यावर बोट फिरवा. खोल खड्डे लागले तर ती रिम नको, तिथे टायर नीट बसणार नाही. नटाच्या भोकांतून निघालेली केसासारखी चीर शोधा. चकती आणि रिम यांच्यातला वेल्डिंगचा सांधा सगळीकडून पाहा. भोके लांबट असतील तर भरून पुन्हा पाडून देतो असे कोणी म्हणेल, तिकडे जाऊ नका. शेवटी रिम हबवर चढवून फिरवा आणि स्थिर धरलेला खडू कडेला लावा. रेघ सगळीकडे उमटली तर रिम सरळ आहे, तुकड्यातुकड्यांत उमटली तर वाकडी आहे. लॉक रिंगचे चाक असेल तर ती रिंग वाकलेली, गंजून पातळ झालेली किंवा दुसऱ्याच मापाच्या चाकाची चालत नाही. हवा भरताना ती उडाली तर समोर उभा असलेला माणूस वाचणे कठीण.

आणि इथेच एक गोष्ट ठळकपणे सांगतो. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करू नका, कापू नका, अडकलेला नट सोडवायला गॅसची ज्योत लावू नका. "हवा काढलीय, काय होतंय" असे म्हणणारे वेल्डर गावोगाव आहेत. रिम तापली की आतले रबर आणि वंगण जळून त्यांचा वायू टायरमध्ये कोंडतो आणि तो पेट घेतो. टायर बॉम्बसारखा फुटतो. अशा स्फोटांत जगभर माणसे गेली आहेत. हवा काढून किंवा व्हॉल्व्हची पिन काढून भागत नाही, टायर पूर्ण उतरवलाच पाहिजे. ज्यांच्या घरची पोरे वर्कशॉपमध्ये कामाला आहेत त्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

रिम चांगली मिळाली की मग लेपाचा विचार. सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, साधा रंग, पावडर कोटिंग की जस्त?" याला एक उत्तर नाही. तुमची ट्रॉली कुठे चालते आणि काय वाहते त्यावर ते आहे.

साधा रंग म्हणजे रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल. स्वस्त, घरी देता येतो, खरचटला तर पुन्हा लावता येतो. त्याची सगळी मदार खालच्या तयारीवर. तेलकट, गंजक्या, दमट पत्र्यावर दिलेला भारीतला रंगही एका हंगामात पोपड्यांनी निघतो. पत्रा वाळू मारून किंवा तारेच्या ब्रशने उघडा करायचा, तेल पुसायचे, आणि उघडा केलेला पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. चार तासांच्या आत प्रायमर गेला पाहिजे, नाहीतर हवेच्या दमटपणाने त्यावर पुन्हा गंजाची झाक येते. भादव्यातल्या झिमझिम पावसात हे काम काढू नये. खंडेनवमीच्या आदल्या रात्री तर नाहीच. थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. पाण्याला, क्षाराला आणि खताला तो साध्या रंगापेक्षा कितीतरी चांगला टिकतो. मात्र इपॉक्सी उन्हाने खडूसारखा भुकटी होतो, म्हणून वरून उन्हात टिकणारा दुसरा रंग लागतो. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे नुसता इपॉक्सीही चालतो.

पावडर कोटिंगचे नाव आपल्याकडे झाले ते वाळूजमुळे. १९८५ साली तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारी, रंगवणारी लहान-मोठी युनिटे उभी राहिली. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात हे काम करून मिळते. कोरडी पावडर विजेच्या भाराने पत्र्याला चिकटवतात आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे भाजतात. लेप एकसारखा, साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा आणि कणखर होतो. दिसायला तर यासारखे दुसरे नाही. पण दोन उणिवा आहेत. एक म्हणजे खोल कोपऱ्यात ही पावडर नीट जात नाही, विजेचा भार तिला कडांकडेच ओढतो. रिम आणि चकती जिथे जुळतात तो कोपरा उपाशी राहतो, आणि आपला चिखल नेमका तिथेच बसतो. दुसरे म्हणजे दगडाने टवका उडाला की तिथून पाणी शिरते आणि लेपाखालून गंज सरकत जातो. वरून कळत नाही. कन्नड-खुलताबादकडच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या वाटांवर म्हणूनच आम्ही ट्रॉलीला पावडर कोटिंग सुचवत नाही. करायचेच असेल तर आधी नटाच्या जागा आणि हबचे तोंड चिकटपट्टीने झाकून द्यायला सांगा. तिथला माणूस रोज शेकडो भाग रंगवतो. तुमच्या नटाचे त्याला सुचेल असे धरून चालू नका.

जस्ताचा लेप, ज्याला आपण गॅल्व्हनाइज म्हणतो, त्याची रीत वेगळी. साधारण ४५० अंशाला वितळलेल्या जस्तात रिम बुडवतात. जस्त पत्र्याशी एकजीव होते, आतले कोपरेही सुटत नाहीत. आणि मोठा गुण असा की ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. धाकट्याने मार खाऊन थोरल्याला वाचवावे तसे. दगडाच्या वाटेवर आणि पाणंदीच्या चिखलात याला तोड नाही. पण जस्ताला आम्ल आणि अमोनियाचे खत सोसत नाही. जी ट्रॉली वर्षातले सहा महिने प्रेसमड, शेणखत किंवा अमोनियम सल्फेट वाहते तिला जस्तापेक्षा इपॉक्सी बरा. शिवाय बुडवायच्या आधी रिमला कुठे बंद पोकळी नाही ना हे पाहावे लागते, कोंडलेली हवा आणि ओल तापून फुटते. नटाच्या भोकांत साचलेले जस्ताचे गोळे काढून घ्यावेत. चाकाचे बोल्ट मात्र कोणत्याही टाकीत देऊ नका. पोलाद जितके कठीण तितके ते आम्लाच्या धुण्याने ठिसूळ होण्याचा धोका जास्त. असा बोल्ट बाहेरून नवा दिसतो आणि भाराखाली काचेसारखा तुटतो. बोल्ट गंजले तर नवे, त्याच प्रतीचे घ्यावेत.

खर्चाचा हिशेब करताना एका चाकाचा खर्च भागिले ते किती हंगाम चालेल, असा करा. चार ठिकाणी दर विचारा. जो माणूस लेपाआधी पत्रा कसा साफ करणार हे सांगत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच.

टायरगाडीवाल्या सभासदांसाठी थोडक्यात. तुमच्या रिमा लहान, भार दोन-अडीच टनांचा आणि वेग बैलाचा, तेव्हा साध्या रंगाने भागते. ओढ्यातून गाडी गेली की बेअरिंगमध्ये पाणी शिरते, त्याचे वंगण मात्र वेळच्या वेळी बदलत जा. तुमच्या गाडीचे चाक रंगाआधी बेअरिंगने जाते.

काही तरुण सभासदांनी जीपला चकचकीत अलॉयची चाके बसवली आहेत. हलकी असतात, दिसतातही छान. पण पत्र्याची रिम खड्ड्यात वाकली तर ठोकून कामापुरती सरळ होते, अलॉय तडकते. त्यावरचा पारदर्शक लेप दगडाने फुटला की खाली पांढरी बुरशीसारखी नक्षी पसरते. पुन्हा पावडर कोटिंगला देताना भट्टीचे तापमान चाक बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत आहे का ते आधी विचारा. जास्त भाजले तर अलॉय नरम पडते. फडात, बांधावर फिरायची गाडी असेल तर आमचे मत पत्र्याच्या चाकाच्या बाजूने आहे. बाकी हौसेला मोल नसते.

आता या हंगामापुरते. ज्यांनी चाके रंगवली आहेत किंवा नवी बसवली आहेत, त्यांनी नट एकापाठोपाठ एक न कसता समोरासमोरचे कसावेत. भरलेली पहिली खेप झाली की पुन्हा तपासावेत, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरच्या आत आणखी एकदा. त्यानंतर रोज सकाळी ट्रॅक्टरचे तेल-पाणी बघताना नटांवर नजर टाकावी. नजरेला कळावे म्हणून एक सोपी युक्ती आहे. नट पक्के कसल्यावर नटाच्या अंगावरून खाली चकतीवर अशी एक सरळ रंगाची रेघ ओढायची. नट जरासा फिरला तरी रेघ तुटते आणि अंधारात बॅटरीच्या उजेडातही दिसते. खंडेनवमीचा रंग डब्याच्या तळाशी उरलेला असतोच, तो यासाठी वापरावा.